चूक पोटात घालणारा रस्ता

महाराष्ट्रातील कोणत्याही महामार्गावरचा एखादा फाटा डोळ्यांपुढे आणावा. गावाकडून आलेला डांबरी रस्ता शेवटच्या पन्नास पावलांत चढ चढून तिरकस महामार्गाला मिळतो. तोंडाशीच एस. टी.चा थांबा, त्याला लागून चहाची टपरी, टपरीपुढे लावलेल्या मोटारसायकली आणि कोपऱ्यावर माजलेली वेडी बाभूळ. डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या शेतकऱ्याला महामार्गावर चाक घालीपर्यंत डावीउजवीकडचे काही दिसत नाही. आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ट्रकचालकालाही तो दिसत नाही. अपघात घडतो. ‘भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालविल्याने’ एवढी नोंद कागदावर होते आणि प्रकरण पुढे सरकते. काही महिन्यांनी दुसरे वाहन येते, दुसरा चालक असतो, मरणारा माणूसही दुसराच असतो. फाटा मात्र तोच राहतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा अपघात होत असतील, तर दोष केवळ माणसाचा नसून जागेचाही असला पाहिजे, हा विचार रस्ते बांधणीच्या शास्त्रात गेल्या काही दशकांत दृढ होत गेला आहे. माणूस चुकणारच, त्याची चूक पोटात घालील असा रस्ता बांधणे हे रचनाकाराचे काम होय, असे हे शास्त्र आज सांगते. या विचाराचा उपयोग केवळ अभियंत्यांना आहे असे नाही. तालुक्याचा अधिकारी, शाळेचा शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा सदस्य यांनाही तो समजून घेता येण्याजोगा आहे आणि त्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

या अगत्याचे कारण आकड्यांत दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. मृतांमध्ये दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर पायी चालणाऱ्यांचे सुमारे १९ टक्के होते. म्हणजे दर दहा मृतांपैकी सहा माणसे अशी होती, की ज्यांच्या शरीराभोवती वाहनाचे कवचच नव्हते.

रस्ता आला, वेग आला

रस्त्यांचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रारंभी प्रश्न रस्ता असण्याचा होता, तो सुरक्षित असण्याचा नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. त्या काळी घाट चढणारे वाहन म्हणजे बैलगाडी वा घोडागाडी. त्या वेगाला तीव्र वळणही पुरेसे होते.

मोटारी वाढल्यानंतर रस्त्यांच्या प्रश्नाचा साकल्याने विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील जादा करावर आधारलेला केंद्रीय रस्ते निधी १९२९ मध्ये उभा राहिला, आणि १९३४ मध्ये अभियंत्यांची ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. रस्त्यांच्या रचनेची मानके देशात आजही हीच संस्था ठरविते. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी निश्चित केली. ती ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखली जाते.

१ जून १९४८ रोजी पुणे व तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि मोटार सामान्य माणसाच्या दारी आली. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली आणि अनेक गावांना पहिल्यांदा रस्ता मिळाला. २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेड्यांच्या वाटांवर डांबर आणले. हे सर्व कार्य मोलाचे आहे. तथापि बहुतेक ठिकाणी नवे डांबर जुन्याच आखणीवर पडले. पायवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेचा मुरमाचा रस्ता झाला आणि मुरमावर डांबर आले. वळणे, चढ आणि फाटे मात्र बैलाच्या चालीला बेतलेले राहिले. गुळगुळीत पृष्ठभागाने वेग वाढविला आणि जुन्या आखणीला तो पेलवेना. ग्रामीण रस्त्यांवरील अनेक अपघातांचे मूळ या विसंगतीत आहे.

दिसणे आणि थांबणे

सुरक्षित रस्त्याचा पहिला नियम साधा आहे. चालकाला अडथळा दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत जेवढे अंतर लागते, तेवढा रस्ता त्याला पुढे स्वच्छ दिसला पाहिजे. या अंतराचे दोन भाग असतात. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत काही क्षण जातात. आपल्याकडील मानकांत हा काळ अडीच सेकंद धरला आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एवढ्या वेळात ४२ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबण्यास जवळजवळ तेवढेच अंतर आणखी लागते.

यावरून मानकांनी ठरविलेली किमान दृष्टिअंतरे अशी आहेत : ताशी ४० किलोमीटर वेगाला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर. वेग ४० वरून ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर थांबण्याचे अंतर दुपटीहून अधिक वाढते, हे येथे ध्यानात घ्यावे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने असे होते. धडकेच्या आघातालाही हाच नियम लागू पडतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. हाच वेग ६० झाला, की धडकेतील ऊर्जा चौपट होते आणि वाचण्याची आशा फारच थोडी उरते.

प्रारंभी वर्णिलेल्या फाट्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. महामार्गावरील वेग ८० असेल, तर फाट्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना किमान १२० मीटरपर्यंतचा रस्ता दिसणे आवश्यक आहे. बाभळीची फांदी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक किंवा टपरीचे छत यांपैकी एकानेही ही नजर अडविली, तर दोघेही चालक कितीही सावध असले तरी उपयोग होत नाही. न दिसणाऱ्या वस्तूसाठी कोणी ब्रेक लावीत नसतो.

वळणाचे गणित

वळणावर वाहन बाहेरच्या बाजूला फेकले जाऊ पाहते. हा जोर दोन गोष्टींनी सावरला जातो : टायर व रस्ता यांतील घर्षण, आणि रस्त्याची बाहेरची कडा आतल्या कडेपेक्षा उंच ठेवून दिलेला ढाळ. सपाट प्रदेशात हा ढाळ जास्तीत जास्त ७ टक्के आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्के ठेवण्याची मुभा आहे. सपाट प्रदेशात ताशी ६५ किलोमीटर वेगासाठी वळणाची त्रिज्या सुमारे १५० मीटर, तर ८० साठी सुमारे २३० मीटर लागते. वेगात १५ किलोमीटरची भर पडली, तर बाहेर ढकलणारा जोर दीडपट होतो. ६५ साठी बांधलेल्या वळणावर ८० ने शिरणारा चालक केवढा धोका पत्करतो, हे यावरून कळून येईल.

पुन्हा डांबरीकरण करताना या ढाळाकडे दुर्लक्ष झाले, तर वळण सपाट होते, आणि क्वचित ते उलट्या बाजूला कलते. पावसाळ्यात वळणाच्या बाहेरच्या कडेला पाणी साचून राहत असेल, तर ढाळ बिघडला आहे अशी शंका घेण्यास जागा आहे. ही परीक्षा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.

साइडपट्टीचेही असेच आहे. डांबराची कडा आणि मुरमाची साइडपट्टी यांच्या पातळीत वीतभर अंतर पडले, तर समोरच्या बसला वाट देण्यासाठी खाली उतरलेली दुचाकी पुन्हा वर चढताना घसरते. साइडपट्टी भरणे हे काम लहान वाटते. पण त्यावाचून गेलेले जीव लहान नसतात.

चौफुली, तिठा आणि गोल

दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे वाहनांचे मार्ग किती ठिकाणी एकमेकांशी भिडतात याची मोजणी करता येते. साध्या चौफुलीवर असे ३२ बिंदू असतात, तिठ्यावर ९. यास्तव एका चौफुलीऐवजी थोड्या अंतरावर दोन तिठे केले, तर धोक्याचे बिंदू ३२ वरून १८ वर येतात. महामार्गाच्या दोन्ही अंगांना असलेल्या गावांचे रस्ते समोरासमोर न आणता अलीकडे-पलीकडे मिळविण्यामागील तत्त्व हेच आहे.

चौफुलीच्या मध्यभागी वाहतुकीचे बेट उभारून वाहने एकाच दिशेने फिरविली, तर हे बिंदू केवळ ८ उरतात आणि समोरासमोरची वा काटकोनातील धडक जवळजवळ टळते. मात्र गोलात शिरणाऱ्याने थांबावे की गोलात असलेल्याने, हे निश्चित नसेल तर गोलाचा उपयोग होत नाही. इंग्लंडमध्ये गोल चौक पूर्वीपासून होते. परंतु वाहने त्यांत अडकून पडत. १९६६ मध्ये उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच गोलात आधीपासून असलेल्यास, अग्रक्रम देण्याचा नियम लागू झाला आणि तेच चौक सुरळीत वाहू लागले. भारतातील २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांतही गोलातील वाहनालाच अग्रक्रम आहे. हा नियम चालकांच्या अंगवळणी पाडण्याचे काम अद्याप बरेचसे शिल्लक आहे.

गतिरोधक : उपाय आणि अपाय

गावात अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी पहिली मागणी गतिरोधकाची असते, आणि कित्येकदा रातोरात मुरूम-डांबराचा उंचवटा उभाही राहतो. या मागणीमागील दुःख खरे असते; उपाय मात्र तपासून घ्यावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, असा सावकाश चढणारा व उतरणारा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. त्यावर काळेपांढरे वा चकाकणारे पट्टे असावेत आणि सुमारे ४० मीटर अलीकडे सूचनाफलक असावा.

हातभर रुंदीचा, टोकदार आणि विनारंगाचा उंचवटा रात्री दिसत नाही. त्यावर दुचाकी उडते, मागे बसलेली स्त्री किंवा मूल खाली पडते, रुग्णवाहिकेतील रुग्णाला यातना होतात. गतिरोधकाची जागा गावातील रस्ते, शाळा व दवाखान्याजवळचे रस्ते आणि महामार्गाला मिळणाऱ्या लहान रस्त्याचे तोंड ही होय. वेगवान वाहतुकीच्या महामार्गावर तो आडवा घालणे म्हणजे एका धोक्याच्या जागी दुसरा धोका उभा करणे होय. तेथे दुरूनच इशारा देणाऱ्या रम्बलर पट्ट्या, फलक, दिवे आणि नजर मोकळी करणे हे उपाय अधिक गुणकारी ठरतात.

घाटातील धडा

चांगला बांधलेला रस्ता आपोआप सुरक्षित होतो, असेही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे याचे बोलके उदाहरण आहे. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला हा सुमारे ९४ किलोमीटरचा सहापदरी काँक्रीट मार्ग देशातील पहिला मोठा द्रुतगती मार्ग होय. फाटे नाहीत, बैलगाड्या नाहीत, दुचाकींना बंदी. तरीही २०१६ या एका वर्षात त्यावर १५१ माणसे मरण पावली.

त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन व महिंद्र उद्योगसमूह यांनी या मार्गावर मृत्यूंची संख्या शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवून एकत्रित काम सुरू केले. प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागा पाहून ‘येथे माणूस कशामुळे मेला?’ असा प्रश्न विचारण्यात आला. उत्तरे डोळे उघडणारी होती. बाजूपट्टीवर बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळणे, संरक्षक कठड्याचे उघडे टोक मोटारीत घुसणे, पुलाचे खांब व काँक्रीटचे चौथरे यांवर वाहन आपटणे अशी कारणे पुढे आली. चालकाला डुलकी लागली ही त्याची चूक; पण त्या चुकीला काँक्रीटच्या चौथऱ्याने मृत्युदंड द्यावा, हे रस्त्याचे काम नव्हे.

त्यानुसार कठीण वस्तू कठड्यांनी झाकण्यात आल्या, कठड्यांची टोके सुधारण्यात आली, फलक व पट्टे वाढविण्यात आले, मार्गिका मोडणाऱ्यांवर व उभ्या वाहनांवर कारवाई झाली आणि जखमींना मदत पोहोचविण्याची व्यवस्था सुधारली. २०१९ मध्ये मृत्यूंची संख्या ९२ वर आली. ध्येय शून्याचे असल्याने ९२ हा आकडा समाधान मानण्याजोगा नाही. पण रस्ता तोच, चालक तेच आणि तीन वर्षांत मृत्यू ५९ ने कमी, ही गोष्ट जागा दुरुस्त केल्याने काय साधते ते दाखविते. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांद्वारे वेग व मार्गिकांवर लक्ष ठेवण्याची यंत्रणाही कार्यान्वित झाली.

या विचाराचे मूळ स्वीडनमध्ये सापडते. तेथील संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू वा गंभीर इजा होऊ नये, हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. पुढील वर्षापासून तेथील दोनपदरी रुंद रस्ते आळीपाळीने दोन व एक अशा तीन पदरांचे करून मधोमध तारदोरांचा कठडा बसविण्यात येऊ लागला. ओव्हरटेक करताना होणाऱ्या समोरासमोरच्या धडका त्यामुळे जवळजवळ थांबल्या. नवा रस्ता बांधावा लागला नाही. आहे त्याचीच मांडणी बदलली.

कायद्याचे पाठबळ

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणांनी या विचाराला कायद्याचे रूप दिले. कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल विहित मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण देते. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला साक्षीदार होण्याची वा स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही तरतूद गावोगावी माहीत झाली, तर ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून दूर उभे राहणारे हात पुढे येतील. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास ७ दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची सोय झाली आहे.

राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण स्थळाची व्याख्याही निश्चित आहे. सुमारे ५०० मीटर लांबीच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे ५ अपघात झाले, किंवा एकूण १० मृत्यू झाले, तर तो टप्पा अपघातप्रवण मानला जातो. अर्थात ही व्याख्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहावी असा तिचा अर्थ नाही. जेथे रोज दोन गाड्या थोडक्यात बचावतात, ती जागा गावाला व्याख्येवाचूनही ठाऊक असते.

गावाने पाहावयाच्या गोष्टी

फाट्याची एक अडचण अशी, की त्याचे धनी दोन असतात. महामार्ग एका यंत्रणेचा, गावरस्ता जिल्हा परिषदेचा. आणि माणसे मरतात ती बहुधा या दोहोंच्या सांध्यावर. हा सांधा आपला मानणारे तिसरे कोणी असेल, तर ते गावच होय. ग्रामपंचायतीने वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यानंतर आणि ऊस गाळप हंगामाच्या तोंडावर, फाट्याची पाहणी करावी. पुढील गोष्टी पाहाव्यात :

• फाट्याच्या तोंडाशी उभे राहिले असता दोन्ही बाजूंचा रस्ता किती दूर दिसतो? झुडपे, फलक, टपऱ्या हलविता येतील काय?

• गावरस्ता महामार्गाला काटकोनात मिळतो की तिरकस? तोंडाशी ट्रॅक्टर व ट्रॉल्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा आहे काय?

• एस. टी.चा थांबा फाट्याच्या अगदी तोंडावर आहे काय? तो थोडा पुढे, रस्त्याबाहेर नेता येईल काय?

• लहान रस्त्यावर नियमाप्रमाणे गतिरोधक व थांबरेषा आहे काय?

• ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या व बैलगाड्यांच्या मागे परावर्तक लावलेले आहेत काय? रात्री बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली हा चालत्या दुचाकीसाठी न दिसणारा अडथळा असतो.

या पाहणीची टिपणे, साधा नकाशा आणि शक्य तर छायाचित्रे जोडून ग्रामसभेच्या ठरावासह संबंधित बांधकाम विभागाकडे व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावीत. ‘गतिरोधक बसवावा’ असा एका ओळीचा अर्ज आणि ‘पूर्वेकडील दृष्टी केवळ ४० मीटर आहे, १२० हवी’ असे सांगणारा अर्ज यांत फरक पडतो. दुसऱ्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते.

शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. शाळेच्या मैदानावर चुन्याने ४५ व ८० मीटर अंतरे आखून ४० आणि ६० वेगाची मोटार कोठे थांबेल ते मुलांना चालत जाऊन पाहू द्यावे. मैदान पुरले नाही, तर तोही धडाच होय : ६० वेगाची मोटार शाळेच्या आवारात थांबू शकत नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वेगाच्या वर्गाचे गणित याच उदाहरणाने शिकविता येईल. घरी गेल्यावर ही मुले वडिलांच्या दुचाकीमागे बसणार आहेत, हे लक्षात ठेवावे.

हेल्मेट घालावे, सीटबेल्ट बांधावा, मद्य पिऊन वाहन चालवू नये, वेग आवरावा, हे सर्व खरेच आहे आणि त्यात कोणालाही सूट नाही. परंतु सर्व माणसे सर्व काळ सावध राहतील, या भरवशावर रस्ता सोडून देता येत नाही. शेतात दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी दमलेला असतो, म्हाताऱ्याला कमी दिसते, मूल चेंडूमागे धावते. त्यांच्या क्षणभराच्या चुकीला सांभाळून घेईल असा फाटा, असे वळण आणि अशी साइडपट्टी तयार करणे शक्य आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी लागणारा पहिला खर्च कोयता, चुना आणि एका सकाळचा वेळ एवढाच आहे.